आपले रान आणि आपल्या नद्यांचे पाणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा समारंभात शिष्यवृत्त्या, परीक्षांचे निकाल, मुलींचे शिक्षण, नोकरी-धंदा या विषयांवर बोलण्याची आपल्याकडे प्रथा आहे. कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी "नद्यांचे पाणी" असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग हसून म्हणाले, "सर, आपल्या कोकणात पाऊस काय थोडा पडतो?" त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. माझे आजचे सारे भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाला दिलेले उत्तर आहे असे समजा.

प्रथम थोडा हिशेब करू. विद्यार्थ्यांनी वहीत उतरून घेतला तरी चालेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तो तीन हजारच धरू. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. म्हणजे आपल्या एका गुंठ्यावर दर पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी उतरते. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे सरकारचे माप आहे. त्या मापाने पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभर एक लाख लिटर पुरते. तेव्हा ज्याच्या घरापुढे एक गुंठा अंगण आहे, त्याच्या अंगणात त्याच्या कुटुंबाच्या गरजेच्या तिप्पट पाणी अल्लाताला दर वर्षी पाठवितो.

आणि तरीही एप्रिल उजाडला की खेड, चिपळूण, महाड या तालुक्यांतल्या वाड्यांवर पाण्याचे टँकर सुरू होतात. पाऊस पडतो तेथेच टँकर येतो. याचा अर्थ उघड आहे. आपली अडचण पाऊस किती पडतो ही नाही, पडलेला पाऊस थांबतो किती ही आहे.

आपल्या नद्या पाहा. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी या साऱ्या सह्याद्रीच्या माथ्यावरून निघतात आणि थोडेच अंतर चालून खाडीला मिळतात. उतार तीव्र, वाट लहान. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जे पाणी जमिनीवरून धावले ते एक-दोन दिवसांत समुद्रात गेले. ते आपले राहिले नाही. जे जमिनीत मुरले तेच हळूहळू पाझरत झऱ्यांतून, पऱ्यांतून, वहाळांतून नदीत येते आणि विहिरींना पुरवठा करते. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांतली नदी ही पावसाची नदी नसते. ती डोंगराच्या पोटातल्या पाण्याची नदी असते.

येथे कोणी म्हणेल, "पण वाशिष्ठीला तर उन्हाळ्यातही पाणी असते!" खरे आहे. परंतु ते पाणी मूळचे वाशिष्ठीचे नाही. ते घाटावरच्या कोयनेचे आहे. कोयना धरणाचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून पोफळीला वीज तयार करतात आणि ते वापरलेले पाणी पुढे वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे सोडण्यास मुभा दिली होती. म्हणजे उन्हाळ्यात चिपळूणजवळ वाहणारी नदी पाहून आपण समाधान मानू नये. तो पाहुण्याचा पैसा आहे, आपली कमाई नव्हे. आपल्या डोंगराची कमाई पाहावयाची असेल तर ज्यांना असे पाणी मिळत नाही ते पऱ्ये आणि वहाळ एप्रिलमध्ये जाऊन पाहावेत.

आता रानाकडे वळू. जुन्या, न तोडलेल्या रानात पावसाळ्यात कधी गेला असाल तर आठवून पाहा. वर धो-धो पाऊस असतो, पण खाली थेंब पानांवर फुटून हलका होऊन येतो. पायाखाली पाचोळ्याचा थर असतो. त्याखालची माती काळी, भुसभुशीत. तिच्यात मुळ्यांच्या, गांडुळांच्या, वाळवीच्या असंख्य वाटा असतात. पाणी त्या वाटांनी खाली उतरते. अशा रानात पाऊस पडून गेल्यावर उतारावर धावणारे गढूळ पाणी फारसे दिसत नाही. याउलट उघड्या बोडक्या डोंगरावर थेंब थेट मातीवर आपटतो. माती फुटते, तिचे बारीक कण छिद्रांत बसून वरचा थर लिंपला जातो. गुरांच्या खुरांनी आणि लाकडाच्या ट्रकांनी तो आणखी दाबला जातो. मग पाणी मुरावयाचे सोडून धावू लागते, आणि जाताना माती घेऊन जाते. खाली जांभ्याचा कातळ उघडा पडला म्हणजे संपलेच.

इतके ऐकून आपण म्हणाल, "झाडे लावा, पाणी येईल, एवढेच ना?" मित्रांनो, मी भूगोल शिकविणारा माणूस आहे. अर्धे सत्य सांगून टाळ्या घेणे मला शोभणार नाही. झाड पाणी खर्चही करते. मुळांनी ओढलेले पाणी ते पानांतून हवेत सोडते. मोठे झाड उन्हाच्या दिवशी किती तरी घागरी पाणी पिऊन टाकते. तेव्हा रान तोडले तर नदीला पाणी वाढेल की कमी होईल? हा प्रश्न जगात अनेक ठिकाणी प्रत्यक्ष मोजून पाहिला गेला आहे. शेजारशेजारची दोन लहान खोरी घ्यावयाची, दोन्हींच्या ओढ्यांवर पाणी मोजणारे बांध घालावयाचे, काही वर्षे दोन्ही मोजावयाची, मग एकातले रान तोडावयाचे आणि दुसरे तसेच ठेवावयाचे. फरक आपोआप दिसतो.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचे असे संशोधनाचे रान आहे. तेथे १९६५ च्या हिवाळ्यात एका लहान खोऱ्यातली सारी झाडे तोडली आणि पुढे काही वर्षे औषध फवारून नवी वाढ होऊ दिली नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याचे पाणी अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. होय, वाढले! मात्र त्या पाण्यात नायट्रेट इतके आले की ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर गेले. जमिनीचे सत्त्व पाण्याबरोबर वाहून चालले होते.

पाणी का वाढले? यासाठी आपण किराणा दुकानदाराची वही डोळ्यांसमोर आणू. तिच्यात जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात. झाडांनी प्यायलेले पाणी ही खर्चाची बाजू. झाडांखालच्या मातीने मुरवून घेतलेले पाणी ही जमेची बाजू. हबर्ड ब्रुकमध्ये तोडलेली झाडे जागेवरच पडू दिली होती. ओढून नेली नाहीत, रस्ते केले नाहीत, जमीन तुडविली नाही. त्यामुळे खर्च थांबला आणि जमा होण्याची जमिनीची शक्ती शाबूत राहिली. शिल्लक वाढणारच. आपल्याकडे मात्र झाडाबरोबर जमीनही जाते. तोड झाली, लाकूड ओढून नेले, उरलेल्या फांद्या जळणाला गेल्या, पुढच्या फेब्रुवारीत गवताला वणवा लागला, जूनमध्ये उघड्या मातीवर कोकणचा पाऊस कोसळला. खर्च थोडा वाचला, पण जमेची बाजूच फाटून गेली.

हे मी केवळ तर्काने सांगत नाही. आपल्याच सह्याद्रीत, दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यात, राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या बेळगाव केंद्रातील शास्त्रज्ञांनी इतर संशोधकांच्या सहकार्याने असेच ओढे मोजले. एका बाजूला जुने नैसर्गिक रान, दुसऱ्या बाजूला तोडून-चारून उजाड झालेले रान, आणि तिसरे अशा उजाड जमिनीवर लावलेले परदेशी अकेशियाचे रान. उजाड रानातून पावसाळ्यात जास्त पाणी वाहून गेले. नैसर्गिक रानातून मोठ्या पावसात कमी पाणी धावले आणि पाऊस संपल्यावर ओढ्याला मिळणारा पाझर अधिक टिकला. अकेशियाचे रान या दोहोंच्या मध्ये राहिले. म्हणजे वर्षाची नुसती बेरीज केली तर उजाड डोंगर अधिक पाणी 'देतो'. पण केव्हा देतो? जुलैमध्ये, जेव्हा ते कोणालाच नको असते. मे महिन्याचा हंडा त्या बेरजेत भरत नाही.

आणखी एक दाखला ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराचा आहे. त्या शहराचे पिण्याचे पाणी डोंगरांतल्या उंच निलगिरी जातीच्या जुन्या रानांतून येते. १३ जानेवारी १९३९ रोजी तेथे भयंकर वणवा लागून मोठाली राने जळाली. पुढे त्या जागी नवे रान दाट उगवले. लोकांना वाटले, झाले, रान परत आले. पण ओढे मोजणाऱ्यांच्या लक्षात आले की पाणी वर्षानुवर्षे कमी होत चालले आहे. कोवळे, जोमाने वाढणारे रान जुन्या रानापेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. वीस-तीस वर्षांत पाणी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते आणि पूर्ववत व्हावयास शंभराहून अधिक वर्षे लागतात, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. २००९ च्या फेब्रुवारीत त्याच प्रदेशात पुन्हा मोठा वणवा लागला आणि शहराच्या पाणलोटातील काही राने जळाली.

झाडाची जात निराळी, हवामान निराळे, हे मान्य. पण आपल्या डोंगराकडे पाहा. आपल्याकडे ऐन, किंजळ, जांभूळ यांचे रान तोडले की खोडांना धुमारे फुटतात. आठ-दहा वर्षांत पुन्हा मनगटाएवढे, मांडीएवढे लाकूड तयार होते आणि ठेकेदार पुन्हा दारात उभा राहतो. पूर्वी कोळशाच्या भट्ट्या होत्या, खैरापासून कात काढणाऱ्या भट्ट्या होत्या. आता कारखान्यांना व वीटभट्ट्यांना जळण लागते. त्यामुळे आपला डोंगर दुरून हिरवा दिसतो, पण तो कधी म्हातारा होत नाही. म्हातारे रान जे मातीचे जतन करते ते या रानाला जमतच नाही.

आता हवामानाकडे येतो. पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि अरबी समुद्रही तापत आहे, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. त्याचा आपल्या विहिरीशी काय संबंध? हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. असे बाष्प भरलेले वारे सह्याद्रीला धडकले की पाऊस कोसळतो तो एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील व इतर शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये असे दाखविले की, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. याचा अर्थ असा की तेवढाच पाऊस आता थोड्या दिवसांत पडतो आणि मधले कोरडे दिवस लांबतात.

जमिनीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तान्ह्या मुलाला दिवसभरात थोडे थोडे दूध पाजले तर ते अंगी लागते. तेवढेच दूध एका घटकेत पाजले तर ते ओकून टाकते. जमिनीचेही तसेच आहे. रिमझिम पाऊस मुरतो, कोसळणारा धावतो. वर उन्हाळा अधिक कडक झाला की तळी, विहिरी आणि ओल्या मातीतून वाफ अधिक उडते. म्हणजे जमा कमी आणि खर्च जास्त, दोन्हीकडून मार.

उदाहरणे सांगावयास मला दूर जावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास महाड तालुक्यात जुई, दासगाव येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरच्या माथ्यावर चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या दिवशी चिपळूण आणि महाड शहरे पाण्याखाली गेली आणि तळिये गावावर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसे दगावली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरांत, दुकानांत तो चिखल शिरला होता. कित्येक तरुणांनी तो उपसलाही आहे. तळियेची दरड कोणाच्या कुऱ्हाडीमुळे पडली असे मी म्हणणार नाही. इतका पाऊस झाल्यावर उत्तमातले उत्तम रानही तुडुंब भरते आणि मग तेही पाणी अडवू शकत नाही. परंतु दर वर्षीच्या साध्या पावसात उघड्या उतारांवरून जी माती खाली येते ती नदीच्या तळाशी साचते, पात्र उथळ होते, आणि मोठा पूर आला म्हणजे त्याला शहरात शिरण्यावाचून वाट उरत नाही. त्या पुरानंतर चिपळूणला नदीतला गाळ काढण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. हा गाळ म्हणजे आपल्याच डोंगरांची माती.

हवामान रानावरही घाव घालते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले. त्या एका दिवसात श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडच्या सुपारी-नारळाच्या वाड्या आणि आंब्याची जुनी झाडे उन्मळून पडली. पिढ्यांनी जपलेली झाडे दुपारपर्यंत आडवी झाली. तापलेला समुद्र अशा वादळांना बळ देतो. म्हणजे कुऱ्हाड, वणवा आणि वादळ असे तिघे रानावर एकाच वेळी चालून आले आहेत. त्यांपैकी वादळ आपल्या हातात नाही. कुऱ्हाड आणि वणवा मात्र आपल्याच हातात आहेत.

"आपल्या हातात" असे मी म्हणतो ते भाषणाच्या ओघात नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडे आहे. बहुतेक रान खाजगी मालकीचे आहे. सातबारा उताऱ्यावर तुमच्या-आमच्या वाडवडिलांची नावे आहेत. मालक मुंबईला, कुवेतला, दुबईला, काही तर दक्षिण आफ्रिकेत आणि विलायतेत. जमीन गावात. ज्याला त्या डोंगराचे पाणी प्यावयाचे नाही त्याची सही डोंगर विकण्यास पुरते, ही आपल्या समाजाची खरी अडचण आहे.

मी दुसऱ्याला नावे ठेवीत नाही. माझीच गोष्ट सांगतो. खेड तालुक्यात आमच्या गावी आम्हा चुलत भावांचे सामाईक पाच एकर रान होते. त्याच्या खालच्या अंगाने एक पऱ्या वाहतो. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडीत असू. आमची दादी भांडी घासावयास तेथेच जाई. १९९४ साली गावाहून चाचांचे पत्र आले. घराचे छप्पर बदलावयाचे आहे, रानाचा ठेका द्यावयाचा आहे, संमतिपत्रावर सही करून पाठव. त्या दिवशी मी मुंबईच्या शाळेत सातवीच्या वर्गाला 'जंगलांचे महत्त्व' हा धडा शिकविला होता. संध्याकाळी घरी येऊन मी सही केली आणि दुसऱ्या दिवशी पाकीट टपालात टाकले. माझ्या वाट्याला चार हजार रुपये आले. त्यांचे काय केले ते आज आठवतही नाही.

पुढे त्या रानाची आणखी दोनदा तोड झाली. निवृत्तीनंतर मी गावी राहावयास आलो. पहिल्याच वर्षी मार्चमध्ये टँकर आला तेव्हा माझी भाभी, जिचे वय सत्तरीच्या घरात आहे, रांगेत कळशी घेऊन उभी होती. मी विचारले, "भाभी, पऱ्याला पाणी नाही?" ती म्हणाली, "भाईजान, पऱ्या तर हल्ली फेब्रुवारीतच आटतो. तुम्ही आता आलात, म्हणून नवल वाटते." त्या वाक्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते मला अधिक लागले.

पाच एकरांवर दर वर्षी सहा कोटी लिटर पाऊस पडतो. त्यातला विसावा भाग जरी मुरून उन्हाळ्यात पाझरला असता तरी आमच्या साऱ्या वाडीला तो पुरला असता. आणि आम्ही चौघा भावांनी ते रान छपराच्या कौलांसाठी दिले.

मग उपाय काय? गरिबाला पैशाची गरज पडते, तेव्हा "झाड तोडू नका" असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. न्यू यॉर्क शहराने यावर एक मार्ग काढला. त्या शहराचे पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतून येते आणि तेथील बरीचशी जमीन खाजगी आहे. पाणी गाळण्याचा प्रचंड खर्चाचा कारखाना बांधण्याऐवजी १९९७ मध्ये शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला. शेतकऱ्यांना व रानमालकांना जमीन नीट राखण्यासाठी पैसा आणि मदत द्यावयाची, आणि त्यांनी पाणी स्वच्छ ठेवावयाचे. खालच्याने वरच्याला मोबदला देणे हे त्यातले तत्त्व. आपल्याकडे खाली राहणारा आणि वर राहणारा बहुधा एकाच घरातला असतो. परदेशात कमावणारा भाऊ गावातल्या भावाला छपरासाठी चार हजार पाठवू शकला तर रान वाचते. माझ्या बाबतीत एवढेच करावयाचे होते. ते मी केले नाही.

पालकांना माझी विनंती अशी आहे. रानाच्या ठेक्याचा कागद सहीला आला तर तो आधी वाचा. १९६४ पासून झाडे तोडण्यावर कायद्याचे नियंत्रण आहे. परवानगी लागते. तिची प्रत मागा. पैसा हवाच असेल तर सगळा डोंगर एकदम साफ करू नका. निवडून तोडा, पाळीपाळीने तोडा. पऱ्याच्या दोन्ही काठांची झाडे, डोंगराच्या माथ्यावरची झाडे आणि तीव्र उतारावरची झाडे ठेक्यातून वगळा आणि तसे कागदावर लिहून घ्या. काजू-आंब्याची बाग लावावयाची असेल तर यंत्राने सारा उतार खरवडून काढण्यापूर्वी जुनी झाडे बांधावर राखा. नवी झाडे लावावयाची तर ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा अशी येथलीच लावा. जानेवारीत रानाभोवतीचे गवत कापून जाळरेषा काढा, आणि भाजावळ करताना माणूस उभा ठेवा. एका वणव्यात दहा वर्षांचा पाचोळा जातो.

तरुणांना सांगावयाचे ते असे. महाड तालुक्यात जन्मलेल्या मोहन धारियांनी 'वनराई' संस्थेच्या द्वारे सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू-माती भरून ओढा अडविण्याची साधी रीत लोकप्रिय केली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहा-पंधरा मुलांनी एक दिवस घाम गाळला तर असा वनराई बंधारा उभा राहतो आणि शेजारच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो. परंतु बंधारा हा बटवा आहे. त्यात घालावयास पैसा डोंगरातूनच यावयाचा. रान नसेल तर बटवा रिकामाच राहील.

आणि शेवटची विनंती शाळेला. आमचा पऱ्या पूर्वी मेपर्यंत वाहत असे असे मी म्हणतो, भाभीही म्हणते. पण कोणत्या साली तो कोणत्या तारखेला आटला हे आमच्या गावात कोणीही लिहून ठेवलेले नाही. उद्या सरकारी कचेरीत गेलो तर आमच्या आठवणीला कोण विचारणार? मेलबर्नकरांना आपले नुकसान कळले, कारण त्यांच्याजवळ वर्षानुवर्षांची मापे होती. म्हणून संस्थेने आपल्या शाळेत एक पर्जन्यमापक बसवावा आणि एक जाड नोंदवही ठेवावी. रोजचा पाऊस तिच्यात लिहावा. प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या विहिरीत पाणी किती हात खाली आहे ते दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दोरीने मोजून आणावे. आणि आपल्या वाडीचा पऱ्या ज्या दिवशी वाहावयाचा थांबला ती तारीख नाव-गावासह नोंदवावी. याला खर्च जवळजवळ काहीच नाही. पाच वर्षांनी ही वही कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलेल.

त्या वहीची पहिली नोंद मी आज देऊन जातो. माझ्या गावच्या पऱ्याचे पाणी यंदा १९ फेब्रुवारीला थांबले. गेल्या सहा वर्षांपासून आम्ही त्या पाच एकरांतली तोड थांबविली आहे आणि खालच्या अंगाला ऐन-किंजळाची झाडे राखली आहेत. माझ्या हयातीत ही तारीख मेपर्यंत जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. मार्चमध्ये जरी गेली तरी ती तुमच्यापैकी कोणीतरी लिहून ठेवावी, एवढीच इच्छा आहे.